ऑक्टोबरात डबलसीट कोकण: पाऊस आला तर वाट कुठे बदलायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून साडेतीनशे सीसीच्या गाडीवर तुम्ही दोघं निघणार. ताम्हिणीतून दिवेआगर, मग कर्दे, गुहागर, गणपतीपुळे, मालवण, मालवणात एक दिवस जास्त, आणि सातव्या दिवशी आंबोलीमार्गे एका दमात पुणे. सगळ्या खोल्यांचे पैसे भरून झालेत. आता अंदाजात रोज ढग आणि विजा दिसताहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गाला यलो अलर्ट आहे, बायकोने एवढा लांबचा प्रवास मागे बसून कधी केलेला नाही. तर रद्द करावं, की रेनकोट घेऊन निघावं?

निघा. पण आहे त्या आखणीवर निघू नका. तुमच्या आखणीत रोजचा मुक्काम ठरलाय, तिथे पोचायचा रस्ता ठरलाय, पैसे भरल्यामुळे दोन्हींना खिळा बसलाय. पाऊस नसता तरी पाचवा आणि सातवा दिवस जड गेलेच असते. पाऊस आला तर तुमच्या हातात बदलण्यासारखं काही उरत नाही, आणि मग माणूस भर विजांत गाडी दामटत राहतो.

मी हे रत्नागिरीत बसून लिहितेय. आम्ही नवरा-बायको पंधरा-सोळा वर्षं ही किनारपट्टी गाडीवर फिरतोय. त्यातली बरीच वर्षं मी मागे बसले, आता निम्मं अंतर मी चालवते. त्यामुळे तुमच्या बायकोच्या बाजूनेही थोडं सांगते.

सहा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आम्ही दापोलीकडून दाभोळला उतरलो तेव्हा साडेचार वाजले होते. पलीकडे धोपावे, तिथून गुहागर जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर. पण वारा सुटला होता, फेरीबोट थांबवली होती, आणि धक्क्यावरचा माणूस एवढंच म्हणाला, "बघू, पडला वारा तर सोडू." गुहागरला खोलीचे पैसे भरलेले. आम्ही पाच मिनिटं घड्याळाकडे पाहिलं आणि गाडी वळवली. वरून दापोली, खेड, चिपळूण आणि परत खाली गुहागर, म्हणजे शंभर किलोमीटरच्या वर वळसा. खेडला पावसाने गाठलं, चिपळूण सोडताना काळोख झाला, आणि मार्गताम्हाण्याच्या अलीकडे एका वळणावर डोंगरातून वाहून आलेल्या तांबड्या चिखलावर गाडी आडवी झाली. वेग अगदीच कमी होता म्हणून माझा घोटा मुरगळण्यावर आणि इंडिकेटर तुटण्यावर भागलं. शेजारच्या घरातल्या माणसांनी पडवीत घेतलं, चहा दिला, रात्री तिथेच झोपवलं. दुसऱ्या दिवशी कळलं की आम्ही वळल्यावर पाऊण तासात बोट सुरू झाली होती.

त्या रात्री पडवीत आम्ही बोललो ते महत्त्वाचं. खेडलाच थांबावं असं मला वाटत होतं. मी बोलले नाही, कारण गाडी तो चालवतोय तर ठरवायचं त्याने, असा माझा समज. त्यालाही थांबायचं होतं. पण गुहागरच्या त्या खोलीची मी महिनाभर वाट पाहतेय, हिचा हिरमोड नको, म्हणून तो चालवत राहिला. दोघांनाही थांबायचं होतं आणि दोघंही पुढे जात होतो. तेव्हापासून आमचा नियम आहे: दोघांतल्या कुणीही "थांबूया" म्हटलं की पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबते. का, कशाला, ही चर्चा हेल्मेट काढल्यावर. तुमच्या ट्रिपमध्ये एकच गोष्ट बदलणार असाल तर ही बदला, आणि ती घरातून निघण्याआधी बोलून घ्या. भिजल्यावर, दमल्यावर हे बोलणं होत नाही.

आता ऑक्टोबरच्या पावसाबद्दल. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर धरतात, दक्षिण कोकणातून तो त्यानंतर हलतो. म्हणजे तुम्ही बरोबर परतीच्या पावसात येताय. हा पाऊस जुलैच्या पावसासारखा वागत नाही. जुलैत पाऊस समुद्रावरून येतो, दिवस-रात्र लागून राहतो. ऑक्टोबरात सकाळ लखलखीत असते, अकरापर्यंत ऊन भाजतं, दुपारी सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढायला लागतात, आणि वरचा वारा आता पूर्वेकडून असल्याने ते खाली किनाऱ्याकडे सरकतात. तीन-चारच्या पुढे गडगडाट, विजा, तासभर झोडपून काढणारी सर, आणि रात्री पुन्हा चांदणं. म्हणून ऑक्टोबरात डोंगराकडे बघायचं. पाहुणे समुद्राकडचं निळं आकाश बघून निर्धास्त असतात आणि पाठीमागे पूर्वेला काळं भरून आलेलं असतं.

यातून एक वेळापत्रक आपोआप निघतं. सकाळी साडेसहाला चाक फिरलं पाहिजे आणि दुपारी दोनच्या आत गाडी मुक्कामी लागली पाहिजे. दुपारी जेवा, झोपा, सर येऊन जाऊ दे, संध्याकाळी धुतलेल्या किनाऱ्यावर चालत जा. बहुतेक जण नाश्ता करून दहाला निघतात आणि बरोबर चार वाजता सड्यावर सापडतात. सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. आमचा किनारी रस्ता सारखा खाडीत उतरतो आणि पुन्हा सड्यावर चढतो. वर मैलभर झाड नाही की घर नाही, आणि सगळ्यांत उंच वस्तू तुम्ही दोघं. गाडीचे टायर रबराचे म्हणून वीज पडत नाही, हा समज खोटा आहे. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेव्हा पक्क्या घरात असलं पाहिजे. झाडाखाली तर नाहीच. आमच्या दोघांच्या फोनवर 'दामिनी' हे ॲप आहे, पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं. आजूबाजूला कुठे विजा पडताहेत ते त्यात कळतं. सड्यावर चढण्याआधी खालच्या गावात थांबून ते एकदा बघायचं आणि मगच चढ घ्यायचा.

यलो अलर्टचं म्हणाल तर तो जिल्ह्याला असतो. रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून राजापूरपर्यंत पसरलाय. दापोलीत ढग फुटल्यासारखा कोसळत असताना आडिवऱ्याला धूळ उडत असते. त्यामुळे केवळ यलोवर मी ट्रिप रद्द करणार नाही, दुपारच्या आत मुक्काम गाठेन. ऑरेंज आला तर त्या दिवशी किनारी रस्ता सोडेन किंवा आहे तिथेच राहीन. रेडला गाडी हलवायची नाही. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे 'मुसळधार', ११५.६ पासून 'अति मुसळधार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत मुसळधार'. परतीच्या पावसात पन्नास मिलिमीटर तासाभरात पडून गेले तर चोवीस तासांचा आकडा फार दिसत नाही, पण त्या एका तासात रस्त्याचा ओढा झालेला असतो.

एक परिस्थिती मात्र वेगळी, आणि तिथे मी स्पष्ट "येऊ नका" म्हणेन. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन तो किनाऱ्याला समांतर वर सरकत असेल, तर सकाळ कोरडी वगैरे हिशेब चालत नाहीत. मान्सूनच्या आधी आणि मान्सूनच्या नंतर, असे आमच्याकडे वादळाचे दोन हंगाम. 'फयान' आलं ते २००९ च्या नोव्हेंबरात. 'निसर्ग' ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगर भागावर आदळलं आणि तिथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. 'तौक्ते' मे २०२१ मध्ये किनाऱ्याजवळून वर गेलं. निघण्याच्या चार दिवस आधीपासून समुद्राची बातमी बघा. बंदरावर तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी हवेचा इशारा, लागला, मच्छीमारांना परत बोलावलं, की समजायचं. देवगडच्या किंवा जयगडच्या बंदरात बाहेरच्या होड्या दाटीवाटीने आसऱ्याला आलेल्या दिसल्या तर मी कुठल्याही ॲपपेक्षा त्यावर विश्वास ठेवते.

आता वाट बदलायची म्हणजे कशी, ते सांगते. कोकणाचा नकाशा उभी शिडी समजून बघा. एक उभा बांबू म्हणजे किनारी रस्ता. दुसरा बांबू म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग, आताचा ६६ नंबर. मधल्या पायऱ्या म्हणजे महामार्गावरून समुद्राकडे उतरणारे रस्ते: माणगावहून म्हसळा-श्रीवर्धन, खेडच्या भरणे नाक्यावरून दापोली, चिपळूणहून गुहागर, निवळीहून गणपतीपुळे, हातखंब्याहून रत्नागिरी, राजापूरहून जैतापूर, तळेऱ्याहून विजयदुर्ग, नांदगावहून देवगड, कणकवलीहून आचरा, कसालहून मालवण, सावंतवाडीहून वेंगुर्ला. किनाऱ्याने जाताना पुढची खाडी ओलांडता येत नाही असं कळलं, तर शेवटच्या क्षणी मोठा वळसा घालण्यापेक्षा आधीच्या पायरीने वर चढायचं, महामार्गाने पुढे जायचं आणि पुढच्या पायरीने खाली उतरायचं. आम्ही रोज सकाळी एक फाटा ठरवतो आणि त्या फाट्याची वेळ ठरवतो. दाभोळचा अनुभव आला त्यानंतर आमचा नियम असा: दापोलीतून निघण्याआधी धक्क्यावर फोन करून बोट चालू आहे का विचारायचं, आणि अकराच्या आत दाभोळला पोचणार नसू तर खाली उतरायचंच नाही. कारण दाभोळला उतरल्यावर परत फिरणं म्हणजे सगळा चढ पुन्हा.

तुमच्या वाटेवर तीन बोटी येतात. सावित्रीवर बागमांडले ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. मुरुड-जंजिऱ्याकडून आला असतात तर आगरदांडा-दिघी ही चौथी. प्रत्येकीचा जमिनीवरचा पर्याय आधीच डोक्यात हवा. बागमांडले बंद असेल तर श्रीवर्धनहून म्हसळा, आंबेत-म्हाप्रळचा पूल आणि मंडणगड. दाभोळ बंद असेल तर तो मोठा वळसा, मग त्या दिवशी गुहागर विसरा आणि चिपळूणला किंवा खेडलाच राहा. तवसाळ बंद असेल तर आबलोलीवरून भातगावचा पूल ओलांडून जाकादेवी, तिथून गणपतीपुळे. हा रस्ता मला तसाही आवडतो.

बोटीत गाडी चढवताना मागच्या माणसाने आधी उतरायचं, नेहमीच. बोटीचा उतरता लोखंडी पत्रा ओला असतो, त्यावर पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटतं. पहिल्या गियरमध्ये सरळ, हळू चढायचं, आत गेल्यावर गाडी गियरमध्ये ठेवून स्टँडवर लावायची आणि शेजारी उभं राहायचं. भरती-ओहोटीचाही अंदाज असू द्या, कारण पाणी फार उतरलेलं असताना बोटीला धक्क्याला लागायला वेळ लागतो. दर्यावरच्या माणसांचा सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला-अवसेला अकरा-बाराच्या मध्ये. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, म्हणजे पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. हाच हिशेब किनाऱ्यावर फिरायलाही उपयोगी. आणि गाडी वाळूत घालू नका. कडक दिसणारी ओली वाळू स्टँड आणि चाक दोन्ही गिळते, आणि भरती कुणासाठी थांबत नाही.

रस्त्याची खरी बातमी एसटीकडे मिळते. सकाळी ज्या घरी उतरला असाल त्यांना विचारा, "एसटी आली का वरून?" गाडी आली असेल तर रस्ता आहे. आली नसेल तर का नाही ते गावात सगळ्यांना माहीत असतं: दरड, पऱ्याला म्हणजे ओढ्याला आलेलं पाणी, पडलेलं झाड. नकाशाच्या ॲपला साकवावरून, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून, वाहणारं पाणी दिसत नाही. पाणी रस्त्यावरून वाहत असेल आणि तळ दिसत नसेल तर डबलसीट गाडी घालायची नाही, मग ते घोट्याएवढं का असेना. सर ओसरली की आमचे पऱ्ये तासा-दोन तासांत उतरतात. टपरीवर बसा.

ओल्या रस्त्याबद्दल तुम्हाला पुण्यात माहीत नसतील अशा तीनच गोष्टी सांगते. पहिली, पावसाची पहिली पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांत वाईट, कारण रस्त्यावरचं तेल आणि तांबडी धूळ मिळून साबणासारखा थर होतो. तेवढा वेळ थांबता आलं तर थांबाच. दुसरी, ऑक्टोबरात भातकापणी चालू असते. रस्त्याच्या कडेला पेंढा पडलेला असतो, कधी भात वाळत घातलेलं असतं. ओला पेंढा चाकाखाली बर्फासारखा सरकतो. आणि शेतकऱ्याचं वर्षाचं पीक आहे ते, त्यावरून गाडी नेऊ नये. तिसरी, झाडीतली सावलीची वळणं. चार महिन्यांचं शेवाळ तिथून गेलेलं नसतं, बाकी रस्ता कोरडा असला तरी. गुहागर तालुक्यात आणि आचऱ्याकडे अशी वळणं बरीच. शिवाय सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, आणि अंधार पडला की गुरं डांबरावर येऊन बसतात. रात्रीचा प्रवास तुमच्या आखणीत कुठेच नको.

मागे बसणाऱ्याचं आता. हे मी मोठ्या कळकळीने लिहितेय, कारण पंधरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही. चालवणाऱ्याला पुढचा रस्ता दिसतो, त्याचं शरीर ब्रेकसाठी, वळणासाठी आधीच तयार होतं. मागच्या माणसाला धक्का आधी कळतो आणि कारण नंतर. त्यामुळे त्याच रस्त्यावर मागचा माणूस लवकर थकतो. दर सव्वा-दीड तासाला पंधरा मिनिटं गाडी थांबली पाहिजे, तुम्हाला गरज वाटो न वाटो. पावसात पुढच्याच्या पाठीवरून ओघळलेलं पाणी मागच्याच्या मांडीवर साचतं आणि तिथून पँटच्या शिवणीतून आत जातं. म्हणून तिचा रेनसूट तुमच्यापेक्षा चांगला हवा, जॅकेट आणि पँट वेगळी असलेला, बुटांवरून आवरणं असलेला. तो बॅगेत सगळ्यांत वर ठेवा आणि ढग दिसला की आडोशाला थांबून घाला. पहिला थेंब पडल्यावर रस्त्याकडेला एका पायावर उभं राहून घालायची वस्तू नाही ती. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून वेगळा. ओढणी, सैल पट्टे, लोंबणाऱ्या बंजी दोऱ्या चाकाजवळ नकोत.

बोलण्यासाठी हेल्मेटमधले इंटरकॉम घेता आले तर फार फरक पडतो. नसतील तर खुणा ठरवा. आमच्या तीन आहेत: खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन थापा म्हणजे थांब, पाठीवर तळहात दाबून धरला की सगळं ठीक. तिसरी खूण मला सगळ्यांत उपयोगी वाटते. चालवणाऱ्याला मागून काहीच कळत नसतं, आणि मग तो मनाशी नसते अर्थ लावतो.

ती घाबरते असं तुम्ही लिहिलंय. निघण्याआधी एकदा पावसात, सामान लादून, दोघांनी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत किंवा मुळशीपर्यंत जाऊन या. सामानासह गाडी ब्रेकला किती वेगळी लागते ते तुम्हालाही कळेल. मागच्या टायरमधली हवा कंपनीने दोघांसाठी दिलेल्या आकड्याइतकी करा, मागच्या शॉकॲब्सॉर्बरचं सेटिंग एक-दोन घरं कडक करा, नाहीतर हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर जातो. तरी तिला नको वाटलं, तर एखादा टप्पा तिने एसटीने किंवा रेल्वेने करावा. त्याने ट्रिप मोडत नाही. एका वर्षी माझी पाठ धरली होती तर मी रत्नागिरीहून कुडाळपर्यंत रेल्वेने गेले आणि नवरा गाडी घेऊन आला. संध्याकाळी मालवणात जेवलो तेव्हा दोघंही ताजेतवाने होतो. अगदीच वेळ आली तर गाडीसुद्धा मोठ्या स्टेशनवरून पार्सलने जाते. टाकी रिकामी करावी लागते, आरसी आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, पॅकिंग करून घ्यावं लागतं. कागद बरोबर ठेवा म्हणजे तो दरवाजा उघडा राहतो.

इथवरचं एकत्र करून तुमच्या सात दिवसांवर लावते. पहिला दिवस ताम्हिणीतून दिवेआगर, ठीक आहे, पहाटे निघा. ताम्हिणीत धुकं असेल तर लाइट लावून सावकाश. जवळ पडतो म्हणून वरंध घाट धरू नका, तो पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद असतो. दुसरा आणि तिसरा दिवस अंतराने लहान आहेत, तसेच राहू द्या. शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा रस्ता आणि हर्णै-मुरुडचा टप्पा घाईत उरकण्यासारखा नाही. चौथा दिवसही छान, हेदवी-वेळणेश्वर सकाळी बघून तवसाळची बोट.

पाचवा दिवस मात्र चुकलाय. गणपतीपुळे ते मालवण किनाऱ्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास जातं, आणि या रस्त्यावर डबलसीट सरासरी तीसचीच धरा. म्हणजे साडेसहा-सात तास नुसतं चालवणं, थांबे वेगळे. आरे-वारेच्या चढावर थांबणार नसाल, पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आंबोळगड यांतलं काही बघणार नसाल, तर किनाऱ्याने यायचं कशाला? मालवणचा जास्तीचा दिवस काढून मध्ये लावा. आडिवरे-नाटे भागात किंवा देवगड-कुणकेश्वरला एक मुक्काम करा. आकाश बिघडलं तर याच दिवशी शिडी वापरा: रत्नागिरीहून हातखंबा, महामार्गाने कसाल, तिथून मालवण. महामार्गावर काम चालू असलेले तुकडे आणि डायव्हर्जन लागतील, काँक्रीटच्या कडेला हातभर पायरी असते, ओव्हरटेक करताना ती सांभाळा.

शेवटचा दिवस मालवण ते पुणे आंबोली-आजरा-निपाणी-कोल्हापूरवरून साडेचारशेच्या आसपास भरतो. सहा दिवस थकलेल्या शरीरांना हा दिवस देऊ नका. सातवी रात्र काढता येत असेल तर कोल्हापूरला थांबा. येत नसेल तर गुहागर किंवा गणपतीपुळ्यातला एक मुक्काम कमी करा. आंबोली हे राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांपैकी एक, दुपारी तिथे ढग हमखास उतरतो. घाट सकाळी नऊच्या आत चढून जा. आंबोली बंद असेल तर कणकवलीहून फोंडा घाट. आणि त्याआधीच कुठे परत फिरावंसं वाटलं, तर रत्नागिरीहून आंबा घाट, चिपळूणहून कुंभार्ली. हे वर चढणारे जिने कुठे आहेत ते दोघांनाही पाठ हवं.

खोल्यांचं काय? सगळ्यांना आज फोन करा. कोकणातल्या घरगुती मुक्कामांची माणसं पावसाच्या दिवसांत जगलेली आहेत. "बोट बंद असली तर आम्ही एक दिवस मागे-पुढे येऊ, चालेल का," असं सरळ विचारा. बरेच जण हो म्हणतील, काही म्हणणार नाहीत. जे नाही म्हणतील त्यांचे पैसे गेले असं आजच मनातून धरून टाका. दाभोळच्या धक्क्यावर आम्ही वळलो ते त्या भरलेल्या पैशांपायी, आणि घोट्याच्या एक्स-रेला त्याहून जास्त लागले. रोकड बरोबर ठेवा, खाडीकाठी आणि सड्यावर रेंज जाते तेव्हा फोनवरून पैसे देता येत नाहीत. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून घ्या, पुढच्या वस्तीत मिळेल या भरवशावर नको.

रोज संध्याकाळी चेनला कापड मारून तेल द्या, भिजलेली आणि खाऱ्या वाऱ्यातली चेन दोन दिवसांत कुरकुरते. आणि हे उत्तर बायकोलाही वाचायला द्या, विशेषतः खुणांचा आणि "थांबूया"चा भाग. तिला काही विचारायचं असेल तर तिनेच थेट विचारावं, मी उत्तर देईन. देवगडचा मुक्काम पक्का झाला की तारीख कळवा, त्या दिवसाची तिथी बघून कुणकेश्वरला ओहोटी केव्हा आहे ते सांगते.